वर्तकनगर नावाची जागा

सरांनी मला पहिल्याच दिवशी घराबाहेर काढलं, असं मी पंधरा दिवस भेटेल त्याला सांगत होते.

मी तेव्हा बत्तीस-तेहतीस वर्षांची, डोंबिवलीच्या एका शाळेत गणित शिकवणारी. या वयात गिटार कशाला, हे सासरी आणि माहेरी सगळ्यांनी विचारून झालं होतं. कुणी ‘कशाला’ म्हटलं की मी ती गोष्ट हटकून करते, हा माझा जुना रोग आहे. घराजवळच्या क्लासात दोन वर्षं काढली होती. मग कुणीतरी सांगितलं की ठाण्याला वर्तकनगरमध्ये एक गृहस्थ आहेत, मोजक्याच लोकांना शिकवतात, जॅझ वाजवतात. जॅझ म्हणजे काय हे मला धड माहीत नव्हतं. तरी गेले.

जुनी वसाहत, तिसरा मजला, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एकच खुर्ची होती, तीत मला बसवलं आणि सर स्वतः पलंगाच्या कडेला बसले. मी घरून घोटून आणलेली चाल सुरू केली. चार ओळी झाल्या नाहीत तोच ते म्हणाले, “बाई, जागा सोडा.”

मी उठले. म्हटलं, खुर्ची त्यांची असेल, पाठ दुखत असेल. स्टुलावर बसून पुन्हा वाजवायला लागले.

“जागा सोडा हो.”

मी स्टूलही सोडलं आणि दाराशी उभी राहून वाजवू लागले. सर डोळे मिटून ऐकत होते, त्यामुळे माझी ही सगळी फिराफिर त्यांना दिसतच नव्हती. तिसऱ्यांदा ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, “अहो, जागा सोडा ना जरा!” तेव्हा मी गिटार पिशवीत घातली, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरले. इतका अपमान माझा कुणी केला नव्हता.

पंधरा दिवसांनी त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा फोन आला. “अहो, ते सुरांमधली जागा म्हणत होते. दोन सुरांच्या मध्ये थोडी मोकळी सोडा म्हणून. तेव्हापासून मला विचारतायत, त्या बाई उठून का गेल्या?”

चूक माझी होती, पण निम्मी आपल्या भाषेचीही होती. आपल्याकडे गाण्यातली जागा म्हणजे गायकाने घेतलेली सुंदर कलाकुसर. ‘काय जागा घेतली!’ म्हणून आपण मान डोलावतो. जागा घेतात, हे मला माहीत होतं. ती सोडायचीही असते, हे सांगणारा माणूस पहिल्यांदाच भेटत होता. मी परत गेले आणि पुढची अकरा वर्षं शिकायला जात राहिले, नंतरही येणंजाणं सुटलं नाही.

सर मूळ कल्याणचे. वडील गिरणीत, आणि चौदा एप्रिल जवळ आला की भीमगीतांच्या पार्टीत गायचे. सर त्याच पार्टीत पेटीवर बसू लागले. पुढे रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन गार्डने त्यांना गिटार शिकवली. तो गार्ड ड्यूटीवरून आला की जेवायच्या आधी तासभर जॅझ वाजवायचा. “त्याचं ऐकलं आणि वाटलं, अरे, हा झोका तर आपल्या ढोलकीत आहे,” सर सांगायचे. गार्ड ऑस्ट्रेलियाला निघून गेला. सर मानपाड्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाच्या, पूजेच्या, गणपतीच्या ऑर्केस्ट्रात वाजवू लागले.

त्यांचा हात कसा होता ते सांगायला मला शब्द पुरत नाहीत, याचाच मला राग येतो. सगळ्यांच्या तोंडी असलेलं जुनं गाणं ते घ्यायचे. चाल तीच, पण खाली साथीच्या सुरांची एकेक कॉर्ड अशी बदलत न्यायचे की तीच कणीक सुगरणीच्या हाती जाऊन पोळीला पदर सुटावेत तसं ते गाणं उलगडायचं. बोटं इतकी वेगाने चालायची की मी हिशेब करायला बघायचे, एका सेकंदात किती सूर, आणि दर वेळी माझा हिशेब चुकायचा. आणि एवढी धाव घेऊन ते समेपाशी आले, म्हणजे ताल फिरून जिथे पहिल्या मात्रेवर येतो आणि सगळे वादक एकदम ठोकतात तिथे, की नेमके गप्प. तळहात तारांवर. अर्धी मात्रा जाऊ द्यायचे आणि मग खालच्या सुरातून हळूच आत शिरायचे.

हे सगळं कुठे झालं, तर जेवणाच्या पंगतीशेजारी. लोक जिलेबी मागत होते.

तीन वर्षांपूर्वी संधिवाताने त्यांच्या डाव्या हाताची बोटं आखडली. गिटार पिशवीत गेली ती बाहेर आलीच नाही. मग गेल्या वर्षी कल्याणच्या त्यांच्या भाच्याने कॅफे काढलं आणि त्याने मामाची गिटार मागितली, भिंतीवर लावायला. भोवती छोटे दिवे सोडणार होता. सर लगेच हो म्हणाले. मी ते ऐकून भांडायलाच गेले.

“बाई, ठेवून काय करू?” ते म्हणाले. “एक रेकॉर्ड नाही माझी. पोस्टरवर गायिकेचं नाव मोठं, खाली ‘व संच’. मी आयुष्यभर त्या ‘व संच’मध्ये होतो. वाजवलं, हवेत गेलं. राहिलं काय?”

रडगाणं नव्हतं ते. कारखान्यातला सुटा भाग तपासून ‘बाद’ म्हणावं तशा आवाजात ते बोलले, आणि मला तेच सहन झालं नाही. गणिताची बाई मी. काही राहिलं नाही, असं कुणी म्हटलं तर मी म्हणणार, सिद्ध करा. भाचा पंधरा दिवसांनी, रविवारी संध्याकाळी गिटार न्यायला येणार होता. तोवर काय राहिलंय ते शोधायचं मी ठरवलं.

पहिल्यांदा लग्नाच्या कॅसेटी. इतक्या लग्नांत वाजवलं, कुठेतरी सापडेलच. कल्याणला एका जुन्या व्हिडिओवाल्याकडे कॅसेटींचं कपाट होतं. त्याने दोन संध्याकाळी बसून मला सात लग्नं दाखवली. पाचव्या लग्नात सर दिसले. काळे केस, मानेला रुमाल, बोटं तारांवर पळतायत. आणि आवाज? आवाजाच्या जागी सनईची धून. जेवणाच्या प्रसंगावर मागून संगीत चढवायची तेव्हाची पद्धतच होती.

“अहो मॅडम, भांड्यांचे आवाज यायचे ना,” व्हिडिओवाला म्हणाला, “म्हणून ओरिजिनल काढून टाकायचो.”

त्या माणसाचा काही दोष नव्हता, पण त्या दिवशी मी त्याचा चहासुद्धा प्याले नाही.

आठ दिवस गेले. मग शाळेतल्या एका पालकाच्या आग्रहावरून मानपाड्याजवळच्या एका म्युझिक क्लासच्या कार्यक्रमाला जाऊन बसले. मुलांचं झाल्यावर त्यांना शिकवणारी बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी वाजवायला बसली. हात चांगला होता. मी अर्धं लक्ष देऊन ऐकत होते. तिने धाव घेतली, समेपाशी आली आणि गप्प. तळहात तारांवर.

मी खुर्चीत पुढे सरकले.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला गाठलं. “ते मध्ये थांबलीस, ते काय होतं?”

“ते? ते वर्तकनगर, मॅम.”

“काय?”

“वर्तकनगर म्हणतात त्याला. मी मुलांना पण तेच शिकवते. इथे वर्तकनगर घे, असं. मस्त लागतं ना?”

“पण वर्तकनगर का?”

तिने जरा विचार केला. “स्टॉप म्हणून असेल. म्हणजे बसमध्ये कंडक्टर ओरडतो ना, वर्तकनगर! गाडी थांबते, मग सुटते. सेम टू सेम.”

ती वर्तकनगरला कधी गेलीही नव्हती. मला हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते, दोन्ही एकदम. पण एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, म्हणून मी तिच्या शिक्षकांना तिथेच धरलं. ते पन्नाशीचे, एके काळी कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे.

“आम्ही नवीन होतो तेव्हा जुने लोक म्हणायचे, इथे वर्तकनगर घ्या. कुठून आलं काय माहीत. मला वाटायचं, एखाद्या तालाचं जुनं नाव असेल.”

“ते जुने लोक कुणाबरोबर वाजवायचे?”

“असतील कुणी. एक ठाण्याहून यायचे म्हणे गिटारवाले. मी नाही ऐकलेलं त्यांना.”

मग माझ्या डोक्यात पायऱ्या लागल्या. ‘त्या वर्तकनगरवाल्यांसारखं थांब’ असं आधी कुणीतरी म्हटलं असणार. त्यातला माणूस गळला, थांबणं राहिलं, आणि त्या थांबण्याला त्यांच्या पत्त्याचं नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थेट सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. बसचं ऐकून ते खूप हसले, ठसका लागेपर्यंत. मग हसू थांबलं.

“कशी वाजवते ती?”

“चांगली वाजवते.”

“तसं नाही. नंतर आत कुठून शिरते? खालून की वरून?”

एवढं शोधलं आणि नेमकं तेच ऐकलं नव्हतं. सर खिडकीपर्यंत जाऊन आले. “आणा तिला,” ते म्हणाले. “पण मी कोण ते सांगू नका. नाहीतर पोरगी घाबरून सरळ वाजवेल.”

ती रविवारी दुपारी आली. गिटारची आवड असलेले एक काका आहेत, एवढंच मी तिला सांगितलं होतं. सरांची गिटार पुसून पलंगावर काढून ठेवली होती, भाच्यासाठी. काकूंनी पोहे केले. मुलीने पोहे खाल्ले, हात धुतले आणि वाजवायला बसली. सरांनी डोळे मिटले.

धाव घेत ती समेपर्यंत आली. थांबली. अर्धी मात्रा गेली, एक गेली, दीड गेली. सरांच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, विसरली ही. मग ती वरच्या सुरातून आत आली आणि दोनच सूर वाजवून पुन्हा थांबली.

सरांनी डोळे उघडले. “हे असं नाहीये,” ते म्हणाले.

“आम्ही असंच वाजवतो, काका.” मुलगी जराही बिचकली नाही. “पहिले लोक खालून यायचे म्हणे. मला ते प्रेडिक्टेबल वाटतं.”

एकोणीस-वीस वर्षांच्या ओळखीत मी सरांच्या तोंडावर असं काही बोलले नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

“परत वाजव,” सर म्हणाले.

तिने वाजवलं. सर पुढे वाकले. तिसऱ्यांदा वाजवायला सांगितलं, सावकाश. मग त्यांनी पलंगावरची गिटार उचलून मांडीवर घेतली. दोन वर्षांनी. डावा हात वर गेला, बोटं तारांवर पोचली, पण करंगळी वाकेना.

“काका, हे बोट असं नाही,” मुलगी म्हणाली आणि खुर्ची सरकवून त्यांच्यासमोर आली. तिने त्यांची आखडलेली करंगळी दोन बोटांत धरली आणि नवशिक्या पोराची ठेवावी तशी तारेवर ठेवली. “इथे. आता दाबा.”

मी तिला थांबवणार होते. कुणाला शिकवतेयस ते सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सरांनी मान न वळवता उजवा हात किंचित वर केला, मला, गप्प राहा म्हणून.

त्यांनी दाबलं. तार खरखरली, सूर आलाच नाही. त्यांनी परत दाबलं. तिसऱ्या वेळी बारीकसा आला.

“बघा, आला ना? सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं,” मुलगी म्हणाली. “रोज दहा मिनिटं करायचं. नेक्स्ट संडेला मी परत येते, तेव्हा दाखवायचं. काय?”

“करतो, टीचर,” सर म्हणाले.

भाचा साडेसहाला आला. चहा प्यायला आणि रिकाम्या हातांनी कल्याणला परत गेला.