मुंबईत पोचलेला माणूस

येमेनमधून घरी परतले, तेव्हा माझी चौकशी करायला नातेवाईकांच्या आधी तलाठी आले. मी अंगणात केस वाळवत बसले होते. त्यांनी ओट्यावर बसून पाणी मागितलं आणि बाबांना विचारलं, पोरगी पोचली ना? बाबांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. तलाठ्यांनी तरीही पासपोर्ट बघायला मागितला, नंबर उतरवून घेतला, तब्येत कशी आहे, तिकडे पगार अडकला का, असं विचारलं आणि गेले. मग पोलीस ठाण्यातून जमादार आले. त्यानंतर अमरावतीच्या कलेक्टर कचेरीतून फोन आला. सगळ्यांचे प्रश्न तेच. आईला वाटायला लागलं की मी तिकडे काहीतरी गुन्हा करून आले आहे. मला मात्र बरं वाटत होतं. जिथून आले होते तिथे शेवटी शेवटी आम्ही जिवंत आहोत की नाही हेही कोणी विचारत नव्हतं. इथे सरकार दारात येऊन पाणी पीत होतं.

आमचं गाव अंजनगाव सुर्जीजवळ. बाबांचा औषधी पानपिंपरीचा मळा होता. त्या वेलीला सावली आणि पाणी भरपूर लागतं. विहिरी खाली गेल्या, तेव्हा बाबांनी एका उन्हाळ्यात मळा मोडला आणि हरभरा, तूर घ्यायला लागले. त्या वर्षांत वऱ्हाडातलं कोणी बाहेरगावी गेलं की तिथले लोक दुष्काळावरून आधी हळहळायचे आणि मग बोलायचे. मला त्याचा राग यायचा. मी अमरावतीला नर्सिंग केलं होतं, काम मला चांगलं येत होतं आणि दुनिया बघायची होती. येमेनला मी रडत गेले नाही. स्वतः अर्ज केला, स्वतः मुलाखत दिली आणि विमानात खिडकीची जागा मागून घेतली.

तिथल्या दवाखान्यात पहिल्याच महिन्यात मागच्या बोळात कोणीतरी जनरेटरला दटावताना ऐकलं, "काहून रुसली वं माय? आता तं तेल पाजलं." मी जागीच थांबले. तो माणूस अकोटचा निघाला. आधी अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता, आता दवाखान्याचे जनरेटर सांभाळत होता. माझ्यापेक्षा बराच मोठा, पण मला ताई म्हणायचा. मी त्यांना भाई म्हणायला लागले. त्यांच्या बायकोनं आंब्याचं लोणचं बांधून दिलेलं असायचं, त्यातलं ते मला द्यायचे. अकोट आणि अंजनगाव म्हणजे एका एसटीचं अंतर. परदेशात तेवढ्यानं माणूस घरचा होतो.

लढाई पेटली तेव्हा विमानतळ आधी बंद झाला. मग वकिलातीचा निरोप आला की भारतीयांनी बंदरावर जमावं, जहाज येतंय. दवाखान्याच्या बसमधून आम्ही निघालो. भाई माझ्या मागच्या सीटवर होते. बंदराच्या फाटकाशी आपले एक अधिकारी खुर्ची टाकून बसले होते. प्रत्येकाचं नाव, पासपोर्ट, राज्य आणि जिल्हा लिहून घेत होते. मी सांगितलं, अमरावती. माझ्या मागून भाईंनी सांगितलं, अकोला. आम्ही आत गेलो आणि बोटीची वाट बघत उन्हात बसलो.

तेवढ्यात भाईंचा फोन वाजला. त्यांच्या खोलीत राहणारा केरळचा स्वयंपाकी बोलत होता. त्याचा पासपोर्ट त्याच्या मालकानं ठेवून घेतला होता, मालक दार लावून कुठेतरी निघून गेला होता, आणि पासपोर्टशिवाय फाटकाशी जायला तो भीत होता. भाईंनी फोन खिशात टाकला आणि उठले. मी म्हटलं, भाई, बोट येतेय. ते म्हणाले, "त्याले टाकून आलो तं घरी मले जेवण जाणार नाई, ताई. तुमी चला. घरी सांगजा, पुढच्या जहाजानं येतो."

ते फाटकातून बाहेर गेले. मी त्यांना रस्ता ओलांडेपर्यंत पाहिलं. मग बोट आली. बोटीनं आम्हाला जहाजावर नेलं, जहाजानं समुद्रापलीकडे जिबूतीला, आणि तिथून विमानानं मुंबईला. मुंबईच्या विमानतळावर प्रत्येक राज्यानं टेबल मांडलं होतं. महाराष्ट्राच्या टेबलावर मला पाण्याची बाटली, जेवणाचं पाकीट आणि बडनेऱ्यापर्यंतचं रेल्वेचं तिकीट मिळालं. त्यासाठी सही घेतली. आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं मला न मागता काही दिलं होतं.

घरी पोचल्यावर मी अकोटला फोन लावला. भाईंची बायको, मी तिला भाभी म्हणते, तिचा आवाज आनंदात होता. सरकारी माणूस सकाळीच येऊन गेला होता. तुमचे मालक मुंबईत पोचले, आता येतीलच, असं त्यानं सांगितलं होतं. मला वाटलं, भाईंना लगेच दुसरं जहाज मिळालं असणार. मी निर्धास्त झोपले.

आठवड्याभरानं भाभीचा फोन आला. या खेपेला तिचा आवाज बसला होता. भाई घरी आलेच नव्हते. त्यांचा फोन लागत नव्हता. कचेरीत विचारलं तर एकच उत्तर मिळत होतं, ते मुंबईत पोचलेत. तिचा भाऊ मुंबईला जाऊन स्टेशनाजवळच्या लॉज पालथे घालून आला होता. आता मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली होती की एवढी वर्षं बाहेर राहिलेला माणूस, मुंबईत त्याचं दुसरं काही असणारच.

मी तिला विचारलं, कोणत्या जहाजानं आले म्हणून सांगतात? तिनं जहाजाचं नाव सांगितलं. ते माझंच जहाज होतं.

फोनवर मी एवढंच म्हटलं की उद्या येते. असली गोष्ट फोनवर सांगायची नसते. सकाळी बाबाही टोपी घालून तयार झाले. मी म्हटलं, मी एकटी परदेशातून आले, अकोटला जाऊ शकते. ते म्हणाले, "तू जाशीनच. मी तं त्या बाईसाठी येऊन राहिलो."

भाभीनं घराच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की टाकली होती. आम्ही गेलो तेव्हा चक्की चालू होती आणि दारात दोन बाया डबे घेऊन उभ्या होत्या. मला पाहून भाभीनं चक्की बंद केली, बायांना दुपारी यायला सांगितलं आणि आम्हाला आत नेलं. बाबा दारापाशीच बसले. मी सगळं सांगितलं. फाटक, फोन, स्वयंपाकी, आणि भाई रस्ता ओलांडून गेले ते. भाई माझ्या जहाजात नव्हते, म्हणजे ते मुंबईत पोचलेच नव्हते. फाटकाशी लिहिलेलं नाव पुढे गेलं होतं, माणूस मागे राहिला होता.

भाभीच्या हातांना पीठ लागलेलं होतं. ती ते बोटांनी चोळत राहिली. मला वाटलं होतं की ती रडेल. ती म्हणाली, "आठ दिवस मी त्यायले शिव्या देऊन राहिली, ताई. मनातल्या मनात. आन् ते तिथंच हायेत."

थोड्या वेळानं तिनं विचारलं की त्या स्वयंपाक्याला बायकामुलं आहेत का. मी म्हटलं, एक मुलगी आहे. तिनं मान हलवली. मग उठली, हात धुतले, बुरखा घातला आणि चक्कीच्या खोलीला कुलूप लावलं. ते मुंबईत पोचले असं लिहून ठेवलं तर तिथे त्यांना शोधायला कोण जाणार, असं ती म्हणाली. माझ्या मनातही नेमकं तेच होतं.

अकोटहून अकोल्याची एसटी मिळाली. तिथल्या कलेक्टर कचेरीतल्या नियंत्रण कक्षात एक कारकून होता. त्यानं भाभीला ओळखलं आणि वैतागून तेच सांगितलं, बाई, ते पोचलेत, आमच्याकडे तसं आलंय. मी पुढे झाले. मी त्यांच्यासोबत होते, असं सांगितलं. त्यानं माझं नाव आणि जिल्हा विचारला. अमरावती ऐकल्यावर तो म्हणाला की तुमची नोंद आमच्याकडे नाही, तुम्ही तुमच्या जिल्ह्यात जाऊन सांगा. बाबा टोपी सावरत पुढे आले. ते म्हणाले, "साहेब, माणूस तुमच्या जिल्ह्याचा हाय. पाह्यलं तिनं. आता तिचे डोये अमरावतीचे हायेत, त्याले काय करता?" कारकुनाला हसू आलं आणि त्यानं आम्हाला आत साहेबांकडे पाठवलं.

साहेब तरुण होते आणि बरेच दिवस नीट झोपलेले दिसत नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की यादी वरून आली आहे, माझ्या एकट्या शब्दावर ती बदलता येणार नाही. दवाखान्यात मी यांच्याहून मोठ्या डॉक्टरांशी बोलले होते. रोग्याच्या कागदावर एक लिहिलेलं असतं आणि खाटेवर दुसराच रोगी असतो, तेव्हा नर्सनं काय करायचं हे मला पाठ होतं. खाटेकडे बोट दाखवायचं.

मी विचारलं, "साहेब, मुंबईत यांना पाहिलं कोणी?"

मी त्यांना टेबलाचं सांगितलं. मुंबईत उतरलेल्या प्रत्येकाला घरापर्यंतचं तिकीट मिळालं आणि प्रत्येकानं सही केली. भाई आले असतील तर अकोल्याच्या तिकिटासमोर त्यांची सही असेल. नसेल, तर ते आले नाहीत.

साहेबांनी मुंबईला फोन लावला. तिथून आणखी एकीकडे पाठवलं, तिकडे लागेना, मग लागला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. बाबांनी सगळ्यांसाठी चहा आणला. भाभी एकदाही उठली नाही. दुपार कलल्यावर साहेब स्वतःच बाहेर आले. कारकुनाला पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण ते आले आणि भाभीसमोर उभे राहिले. तिकीट कोणी घेतलेलं नव्हतं, सही नव्हती. ते म्हणाले, "आम्ही तुम्हाला चुकीचं सांगितलं. आता त्यांचं नाव तिथे राहिलेल्यांत घातलंय. वकिलातीला कळवलंय."

भाभी म्हणाली, "आता शोधा त्यायले."

त्यानंतरचे दिवस लांब गेले. मी अकोटलाच राहिले. भाभी रोजच्या रोज चक्की चालवायची, दळण द्यायची, आणि फोन चक्कीच्या खोक्यावर ठेवायची. घरघरीत वाजला तर ऐकू येणार नाही म्हणून मी तिथेच बसायचे. मोहल्ल्यातल्या ज्या बाईनं मुंबईचं काही बोलून दाखवलं होतं, ती एकदा डबा घेऊन आली आणि न बोलता शेवयांचं ताट ठेवून गेली.

फोन आला तो अकोल्याच्या साहेबांचा. भाई सापडले होते. तो स्वयंपाकीही सोबत होता. भाभीनं फोन माझ्याकडून घेतला आणि साहेबांना परत सांगायला लावलं.

पुढे भाईंनी सगळं सांगितलं. स्वयंपाक्याचा मालक सापडलाच नाही. त्यांनी कपाटाचं कुलूप पान्ह्यानं उघडलं आणि पासपोर्ट काढला. तोवर बंदराकडचा रस्ता बंद झाला होता. मासळीच्या बर्फगाडीतून दोघं दुसऱ्या बंदराच्या शहरी गेले आणि एका मशिदीत पडून राहिले. तिथल्या फाटकाशी गेले तेव्हा अधिकाऱ्यांनी नाव ऐकून विचारलं की तुम्ही तर आधीच पोचलात ना? आत घेतलं नाही, तेव्हा दोघं मशिदीत परतले. पण दोन दिवसांनी ते परत गेले, तेव्हा तेच अधिकारी त्यांचं नाव घेऊन त्यांनाच शोधत होते. अकोल्याहून निघालेला निरोप तिथवर पोचला होता. त्यांना जहाजात बसवलं आणि या खेपेला नाव जहाजावर चढल्यानंतर लिहून घेतलं.

अकोल्याच्या स्टेशनावर भाई उतरले तेव्हा त्यांच्या अंगावर कोणा दुसऱ्याचा सदरा होता. भाभी जवळ गेली, सदऱ्याची बाही चिमटीत धरली आणि म्हणाली, "बहुत देर कर दी." भाई म्हणाले, हो. मग दोघंही रडले. बाबांनी तोंड फिरवलं आणि वेळापत्रकाची पाटी वाचायला लागले. स्वयंपाकी कोचीनला पोचल्याचा फोन त्याच संध्याकाळी आला. तो मल्याळममध्ये बोलत होता, भाई वऱ्हाडीत, आणि दोघांचं चाललं होतं.

भाई पुन्हा बाहेर गेले नाहीत. अकोटला त्यांनी मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं. उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची दाराशी रांग लागते. मी अकोल्याच्या एका दवाखान्यात लागले. कचेरीतून दर महिन्याला फोन यायचा, काय करता, कुठे राहता. वर्षभरानं एका फोनवर विचारलं गेलं की पुन्हा परदेशी जायचा विचार आहे का. मी म्हटलं, आहे, ओमानला, तारीख ठरली आहे. पलीकडची मुलगी थोडी गोंधळली. भीती नाही वाटत का, असं तिनं विचारलं, आणि तो तिच्या ठरलेल्या प्रश्नांपैकी नव्हता.

भीती वाटतच होती, पण जायचं होतं. ओमानला उतरले त्या आठवड्यात सुट्टी घेऊन वकिलातीत गेले आणि माझा पत्ता, फोन, घरचा नंबर लिहून दिला. वसतिगृहातल्या चार मुलींनाही सोबत नेलं. त्यातली नागपूरची एक कुरकुरत होती की इथे कुठे लढाई आहे. तिला मी भाईंची गोष्ट रांगेत उभ्या उभ्या सांगितली. तिची पाळी आली तेव्हा ती मुकाट्यानं पुढे गेली, आणि तिनं घरचे दोन नंबर दिले.