सोनादाईची ओळ

कळा सुरू झालेल्या बाईला सोनादाई पलंगावर पडून राहू द्यायची नाही. तिला ती प्रसूतिगृहाच्या लांबलचक व्हरांड्यात आणायची, तिच्या बोटांत बोटं अडकवायची, खांद्याला खांदा लावायची आणि चालायला लागायची. ते चालणं साधं नसायचं. पाऊल पुढे, गुडघ्यात किंचित झोल, मग तेच पाऊल अर्धवट मागे, आणि तोंडानं अगदी हळू गुणगुणणं. बाई कुवेती असो, पॅलेस्टिनी असो, इजिप्तची असो की आमच्यासारखी हिंदुस्थानी, थोड्याच वेळात तिची पावलं सोनादाईच्या पावलांबरोबर पडायला लागायची. आपण नाचतो आहोत, हे त्या बिचारीच्या ध्यानीमनीही नसायचं.

माझ्याही नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर लग्न होऊन मी साताऱ्याहून कुवेतला आले. हे तेलाच्या कारखान्यात इंजिनियर, मी तिथल्या मिरकाब भागातल्या एका कचेरीत टायपिस्ट. बाळंतपणाला आई यायची होती, पण तिचा व्हिसा अडकला. दवाखान्यात ह्यांना दारापाशीच थांबवलं आणि मी एकटी आत गेले. भिंतीला धरून उभी होते, तेवढ्यात एक ठेंगणी, काळीसावळी, रुंद खांद्यांची सिस्टर समोर आली. अंबाडा एका कानाकडे कललेला. माझा भिंतीवरचा हात तिनं सरळ उचलून आपल्या हातात घेतला.

"अकेला काहे चलता है? हाथ दो, हाथ."

तिची हिंदी अशीच होती. पुढे आमच्या घरी येऊन येऊन तिनं बरंच मराठी उचललं, त्यामुळे तिचं बोलणं मला आता मराठीतच आठवतं. दुपारी माझी मुलगी झाली, कल्याणी. संध्याकाळी मी तिला "सिस्टर" म्हणून हाक मारली, तर म्हणाली, "दाई म्हण." मला वाटलं, सुईण ह्या अर्थानं म्हणते आहे. ती हसली. ती संताल आदिवासी होती, आणि संतालीत दाई म्हणजे थोरली बहीण. मला त्या दिवशी दोन्हींची गरज होती.

तिचं पूर्ण नाव सोनामुनी मुर्मू. बंगालात पुरुलियाच्या बाजूला, सालाच्या जंगलाकाठी तिचं गाव. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकून ती कुवेतला आली होती. राहायची नर्सेसच्या हॉस्टेलवर, पण शुक्रवारची सुट्टी आमच्या बनेद अल-गारच्या घरात. आल्या आल्या कल्याणीला पायांवर घेऊन तेल चोळायची आणि गावाकडचं सांगत बसायची. घरी म्हातारे वडील आणि धाकटी बहीण चंपा. आई लहानपणीच गेल्यामुळे चंपाला हिनंच वाढवलेलं. आणि एक बुधन. गावातला सगळ्यात चांगला मादल, म्हणजे त्यांचा ढोल, वाजवणारा. त्याचं नाव घेताना ती उगाचच पदर सारखा करायची. वडिलांचं घर पक्कं बांधून झालं, चंपाचं शिक्षण झालं की लग्न, असं ठरलेलं होतं. दर वर्षी ते पुढच्या वर्षावर जायचं.

"तू नाचायचीस का गं गावी?" मी एकदा विचारलं.

"मी नाही नाचायचे. ओळ नाचायची, मी तिच्यात असायचे," ती म्हणाली. "आमच्यात एकटी बाई नाचली ना, तर लोक म्हणतात हिला भूत लागलंय."

कुवेतमध्ये दुसरी संताल बाई तिला कधी भेटली नाही. ती येऊन सहा-सात वर्षं झाली होती. तिचे पाय तेवढी वर्षं फक्त त्या व्हरांड्यात नाचत होते.

एका हिवाळ्यात बंगाली मंडळींचा कार्यक्रम होता, शाळेच्या हॉलमध्ये. त्यात संताल नाच बसवला होता घोषबाईंनी. ह्या कलकत्त्याच्या, नवरा बँकेत, स्वतः नाच शिकलेल्या. मुलींचे अंबाडे बांधायला त्यांनी सोनादाईला बोलावलं आणि ती मलाही घेऊन गेली. मेकअपच्या खोलीत शिरलो तर मुली हातांना, मानेला, पाठीला तपकिरी रंग चोपडत होत्या. सोनादाई दारातच थांबली. मग पुढे होऊन तिनं एका मुलीच्या दंडाशेजारी आपला दंड धरला आणि म्हणाली, "माझा रंग तर इतका नाही."

मुली खिदळल्या. त्यांना ती थट्टा वाटली. सोनादाईनं एकीएकीचा अंबाडा बांधला, फुलं खोचली, पहिल्या रांगेत बसून सबंध नाच पाहिला आणि टाळ्याही वाजवल्या. परतताना गाडीत मात्र ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

पुढच्या शुक्रवारी घोषबाई पत्ता काढत आमच्याकडे आल्या. त्यांना कोणीतरी सांगितलं असावं, किंवा त्यांचं त्यांनाच उमगलं असावं. चहा न पिता कप हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "दीदी, माझं चुकलं."

"नाच मागितला असतात तर दिला असता," सोनादाई म्हणाली. "रंग कशाला घेतलात?"

घोषबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सोनादाईनं त्यांच्या हातातला कप काढून घेतला, त्यांना उभं केलं, मला उभं केलं, आणि आमच्या दोघींच्या मध्ये उभी राहिली. "पायाकडे बघायचं नाही. शेजारणीचा खांदा कुठं जातो तिकडं आपण जायचं." आमच्या बैठकीच्या खोलीत ओळ सुरू झाली ती अशी.

पुढे हॉस्टेलवरची लीलाम्मा नावाची मल्याळी सिस्टरही यायला लागली. सोफा भिंतीला लावायचा, गालिचा गुंडाळायचा. मादल कुठून आणणार? हे पाण्याचा प्लास्टिकचा कॅन उलटा करून वाजवायचे. "दादा, हा ताल नाही हो," सोनादाई म्हणायची, "हे तर पोस्टमन दार ठोठावतोय!" घोषबाईंचे हात अजून स्टेजवरचे, ते सारखे वर जायचे. मी वळताना उलटी वळायचे. सोनादाई कधी वैतागली नाही. आम्ही अडखळलो की ती आपलं पाऊल लहान करायची. ती चार बायकांची वेडीवाकडी ओळ खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची आणि सोनादाईचे डोळे मिटलेले असायचे. त्या वेळी ती कुठं असायची हे आम्हाला कळायचं, म्हणून कोणी हात सोडायचं नाही.

अखेर वडिलांचं घर झालं. चंपाची शाळा संपली. सोनादाईनं दोन महिन्यांची रजा काढली. घोषबाईंनी तिला लाल काठाची पांढरी साडी दिली, मी चांदीची जोडवी दिली. संताल बायका जोडवी घालतात की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. "येताना जोडीनं ये," असं आम्ही तिला चिडवलं आणि ती लाजून हसली.

ती महिन्याच्या आतच परत आली. शुक्रवारी दारात उभी. मी तिच्या मागे कोणी आहे का पाहिलं.

"बुधनचं लग्न झालं," ती आत येत म्हणाली.

"म्हणजे? कोणाशी?"

"चंपाशी."

ती खाली बसली, कल्याणीला मांडीवर घेतलं आणि भाजीचा दर सांगावा तशा आवाजात सांगायला लागली. बुधनच्या घरचे थांबून थांबून थकले होते. वडील आजारी असताना तोच येऊन जाऊन सगळं बघायचा, चंपा तिथंच होती. लग्न हिच्या येण्यावर ठेवलं होतं. "थोरली बहीण नको का लग्नाला? माझ्याचसाठी थांबले होते सगळे. चंपा पायांवर पडून रडली. मी म्हटलं, ऊठ, हळद उतरेल."

"आणि तू?"

"मी नाचले. लग्नाचा नाच असतो आमच्यात, रात्रभर चालतो. बुधनच्याच मादलावर."

"दाई, कसं जमलं गं तुला?"

"ओळीत होते ना. एक बाई रडायला लागली की तिचं पाऊल चुकतं. एकीचं चुकलं की सगळ्यांचं चुकतं. चंपाचं लग्न होतं, मालती. पाऊल चुकवून कसं चालेल?"

कोणी फसवलं नाही, असं ती नेहमी म्हणायची. वर्षं फार झाली, एवढंच. तिनं चंपाशी बोलणं तोडलं नाही की तिला काही पाठवायचं थांबवलं नाही. फक्त एक बदल झाला. पुढच्या शुक्रवारी ह्यांनी कॅन पुढे ओढला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "दादा, आता नको. पावलांचाच आवाज ऐकू." त्यानंतर आम्ही तालावाचून नाचलो.

दोन वर्षांनी चंपाला दिवस गेले. सोनादाई आनंदली, ते वरवरचं नव्हतं. झबली शिवली. कल्याणीची जुनी दुपटी मागून नेली. पण चंपाच्या पायांना सूज आहे असं समजल्यावर तिला चैन पडेना. मिशनच्या दवाखान्यात फोन लावायला ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये जाऊन तासन् तास बसायची. लाइन मिळाली की ओरडून ओरडून सांगायची, तिला आधीपासून तिथं आणून ठेवा, घरी ठेवू नका. निरोप पोहोचलाही होता. पण दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या, नदीला पूर होता, आणि गाडी मिळून पलीकडे जाईपर्यंत उशीर झाला.

तार दवाखान्यात आली तेव्हा सोनादाई व्हरांड्यात होती. लीलाम्मानं मला नंतर सांगितलं. एका कुवेती मुलीचं पहिलं बाळंतपण होतं, घाबरून तिनं सोनादाईचा हात घट्ट धरून ठेवला होता. सोनादाईनं दुसऱ्या हातानं तार घेतली, वाचली, गणवेशाच्या खिशात घातली आणि पुन्हा चालायला लागली. त्या मुलीला मुलगा झाला. त्याला पुसून, गुंडाळून आईजवळ दिल्यावर सोनादाईनं हात धुतले आणि ती तशीच टॅक्सी करून आमच्याकडे आली.

"चंपा गेली. पोरगी जगली आहे."

मी तिला धरून बसवलं. ती आपल्या तळहातांकडे पाहत होती. मग म्हणाली, "इथं मी एवढ्या बायकांना हात दिला, मालती. तिचा हात कोणी धरला असेल का गं?"

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. कल्याणी दारात उभी राहून पाहत होती. ती पाणी घेऊन आली, तेव्हा सोनादाईनं पेला खाली ठेवून तिलाच जवळ ओढून घेतलं.

महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. मुलीला इथं आणता येईल का, म्हणून घोषबाईंच्या यजमानांनी इकाम्याची, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याची, चौकशी केली, पण एकट्या नर्सच्या इकाम्यावर बहिणीचं मूल येत नव्हतं.

"आणि बुधन?" मी भीतभीतच विचारलं.

"गावात म्हणतात, आता त्याच्याशी लग्न कर, पोरीला आई मिळेल. मी कळवलंय, आई व्हायला मला लग्न लागत नाही. चंपाचीही मीच होते."

विमानतळावर तिच्या बॅगेत दुधाच्या पावडरीचे डबे, बाटल्या, दुपटी, एवढंच होतं. स्वतःच्या दोन साड्या असतील नसतील. कल्याणी तिचा पदर सोडेना. सोनादाईनं खाली बसून तिची बोटं एकेक करून सोडवली आणि मागे न पाहता आत गेली. बाहेर वाळूचं वादळ उठलं होतं.

नंतर एका शुक्रवारी घोषबाई, लीलाम्मा आणि मी सोफा बाजूला केला. हात धरले. थोडं चाललो. मग घोषबाई मध्येच थांबल्या, तिथंच फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "नाही हो जमत." आम्ही सोफा पुन्हा जागेवर लावला.

घोषबाई रजेवर गेल्या की कोणाकडून तरी तिची खबर काढायच्या. गावोगाव बाळंतपणं करते आहे. पायी जाते. पोरगी दिसायला चंपासारखी आहे. असं चार-पाच वर्षं कानावर येत राहिलं. मग एका उन्हाळ्यात घोषबाई आमच्या दारात आल्या आणि चप्पल न काढताच म्हणाल्या, "सोनादीदी गेल्या." पलीकडच्या गावात बाळंतपणाला गेली होती, तिथंच ताप भरला, मलेरिया डोक्यात गेला. मुलीला मिशनच्या वसतिगृहात ठेवलं होतं.

हे दुःख कोणाला सांगायचं, हेच समजेना. लीलाम्मा केव्हाच केरळात परत गेली होती. शेवटी घोषबाई म्हणाल्या, निदान दवाखान्यात सांगून येऊ. गेलो. मेट्रन नवी, सिस्टर नव्या, व्हरांड्याला नवा रंग. एका तरुण सिस्टरला सांगितलं, सोनामुनी मुर्मू गेली. ती अदबीनं म्हणाली, "आय ॲम सॉरी. कुठल्या वॉर्डात होत्या?" पेशंट समजली ती. आम्ही समजावून सांगत होतो तोवर तिला आतून हाक आली.

घरी आले तर कल्याणी अभ्यास करत बसली होती. तिला बातमी सांगितली. तिला पदर आठवत होता, तेलाचा वास आठवत होता, चेहरा नीटसा आठवत नव्हता.

"शी वॉज देअर व्हेन आय वॉज बॉर्न, राइट?"

"हो. तुला सगळ्यांत आधी तिनं पाहिलं. माझ्याही आधी."

कल्याणीनं पेन खाली ठेवलं. "व्हॉट डिड शी से?"

काहीतरी म्हणाली होती खरं. कल्याणीला उचलून चेहऱ्याजवळ नेऊन, अगदी हळू, संतालीत. दोन-तीन शब्द असतील. माझी मुलगी ह्या जगात आल्यावर तिच्या कानावर पडलेले ते पहिले शब्द. मी ते ऐकले होते, पण मला त्यांचा अर्थ कळला नव्हता, आणि इतक्या वर्षांत तिला विचारायचं राहून गेलं.

"मला कळलं नव्हतं गं," मी म्हटलं. आणि अर्थ सांगू शकेल असं कुवेतमध्ये आता कोणी नव्हतं.