वनिताताईंची स्क्रीन

वनिताताई गेल्याचा फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि मी मिलच्या कंट्रोल रूममध्ये होतो. त्यांचा भाऊ दवनीवाड्याहून बोलत होता. "हेमराजभाऊ, बाई गेली आमची. जेवली, हात धुवाले उठली, अन् खाली बसली ते बसलीच." दवाखान्यापर्यंतही नेता आलं नाही. वय अवघं त्रेपन्न. मी तसाच निघायला हवं होतं. पण खाली टाक्यांमध्ये धान उकडत होतं, बॉयलर चालू होता आणि माझ्या जागी बसणारा माणूस चार वाजल्याशिवाय येणार नव्हता. वाफ चालू असताना पॅनल सोडायचं नाही, हे मला ताईंनीच शिकवलं होतं. मी उठलो नाही. नदीवर पोहोचलो तेव्हा चिता निम्मी जळून गेली होती. त्यावरून काहींनी मला बोल लावले... लावोत.

आमची मिल गोंदियाच्या बाहेर आहे. आम्ही उसना, म्हणजे उकडा तांदूळ करतो. धान गरम पाण्यात भिजवायचं, वाफेवर उकडायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. ताई इलेक्ट्रिकचा डिप्लोमा करून इथे आल्या तेव्हा त्या विभागात दुसरी बाई नव्हती. दवनीवाड्याहून रोज स्कूटीने यायच्या. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्याला "तुले कायले पायजे?" एवढंच उत्तर मिळायचं. पुढे मिलमध्ये कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटरच्या कंपनीचा इंजिनिअर थोडे दिवस शिकवून गेला, बाकीचं ताई जाडजूड पुस्तकं वाचून स्वतः शिकल्या. अख्खी मिल स्क्रीनवर चित्रात दिसते, टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह, पंप. ते चित्र ताई बनवत. त्यातल्या प्रत्येक आकारामागे एक यादी असते: आत रंग कोणता भरायचा, कड किती जाड ठेवायची, आकार कधी दिसायचा, कधी लपायचा, कधी लुकलुकायचा. त्या यादीला प्रॉपर्टी म्हणतात. आमच्याकडे प्रॉपर्टी म्हटलं की माणूस धानाच्या बांध्या, म्हणजे शेताचे तुकडे, मोजू लागतो. ताई स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणायच्या, "माही प्रॉपर्टी इथं आहे."

आता माझी गोष्ट सांगितल्याशिवाय ताईंची पुढे सरकत नाही. मला लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसत नाही. जन्मापासूनच. जुन्या पॅनलवर दिवे होते, डावा लागला की चालू, उजवा लागला की बंद. मी जागेवरून ओळखायचो आणि कोणाला पत्ता लागला नाही. स्क्रीन आली आणि माझं अवघड झालं. व्हॉल्व्ह तोच, जागा तीच, फक्त आतला रंग बदलायचा. उघडा असला की हिरवा, बंद असला की लाल. मला दोन्ही सारखेच, मातकट. म्हणून मी सारखा जिना उतरून खाली जायचो आणि व्हॉल्व्ह डोळ्यांनी बघून यायचो. नोकरी जाईल या भीतीने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

ताईंच्या ते लक्षात आलं. एकदा त्यांनी विचारलं, "हेमराज, तू घडी घडी खाली कायले जाऊन राहिला?" मी पाय मोकळे करतो म्हणालो. त्यांनी स्क्रीनवर दोन चौकोन काढले, शेजारी शेजारी, आणि म्हणाल्या, यातला लाल कोणता ते दाखव. मी बराच वेळ बघत राहिलो. शेवटी अंदाजाने बोट ठेवलं.

"दोन्ही हिरवे आहेत," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, संपलं. पण त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. त्या आठवड्यात स्क्रीनवरचा एकूण एक व्हॉल्व्ह बदलला. बंद असला की कड जाड होई, वर फुली येई आणि खाली मराठीत 'बंद' उमटे. उघडा असला की फुली जाई, 'चालू' येई. वाफेचा दाब वाढला तर नुसता रंग बदलत नसे, अख्खी टाकी लुकलुकायची. मी जिना उतरणं थांबवलं. मीच नाही, सगळेच ऑपरेटर म्हणू लागले की आता लांबूनही कळतं.

मग तपासणीला कंपनीचा माणूस आला. त्याने स्क्रीन बघितली आणि मॅनेजरसाहेबांना सांगितलं की मॅडमनी कंपनीचे ठरलेले आकार बिघडवले, सगळं होतं तसं करा. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, ये किसने बोला था बदलने को?" ताईंना सुटायला एक वाक्य पुरेसं होतं. हेमराजला रंग दिसत नाही, एवढं म्हटलं असतं तर त्या मोकळ्या झाल्या असत्या. मी दारापाशी उभा होतो. 

ताईंनी कंपनीच्या मूळ स्क्रीनचा कागद ऑफिसच्या प्रिंटरवर काढून आणला, काळापांढरा, आणि साहेबांपुढे ठेवला. यातला उघडा व्हॉल्व्ह कोणता, सांगा म्हणाल्या. साहेबांना सांगता येईना. कंपनीच्या माणसालाही येईना. मग त्यांनी स्वतःच्या स्क्रीनचा तसाच कागद ठेवला. त्यावर फुल्या स्पष्ट दिसत होत्या. पण हरलेला साहेब जास्त चिडतो. त्यांनी लेखी हुकूम दिला, जुनं परत आणा.

"मी नाही करत," ताई म्हणाल्या. "ज्याले करायचं त्यानं करावं, अन् खाली आपलं नाव लिहावं."

नाव कोणी लिहिलं नाही, पण कंपनीच्या माणसाने स्क्रीन पुन्हा जुनी केली आणि ताईंना वजनकाट्यावर पाठवलं. ट्रकांच्या धुळीत, पत्र्याच्या खोलीत. त्या रोज वेळेवर येत आणि वर कंट्रोल रूमकडे मान करूनही बघत नसत. मी पुन्हा जिना उतरू लागलो.

एके दिवशी दुपारी दुसरी टाकी झाडायला सफाईच्या शामकलाबाई निघाल्या. वर स्क्रीनवर मला तिच्या वाफेचा व्हॉल्व्ह बंद वाटला होता. सवयीने खाली उतरलो तर तो उघडा होता, पाइप तापलेला, आणि बाईंचा हात टाकीच्या झाकणावर. मी त्यांना पदर धरून मागे ओढलं. दोघंही पडलो. त्या रागावल्या, मग वाफेचा आवाज ऐकून झाकणापासून आणखी मागे सरकल्या.

मी तसाच साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. लाल-हिरवं मला दिसत नाही, ताईंनी स्क्रीन का बदलली होती, आज काय होता होता राहिलं. साहेब म्हणाले, मग तुला पॅनलवर ठेवता येणार नाही. ही बातमी वजनकाट्यावर पोहोचायला वेळ लागला नाही. ताई धुळीने माखलेल्या तशाच आल्या आणि मला म्हणाल्या, "काऊन सांगितलं? मी ठेवलं होतं न सांभाळून." मग साहेबांकडे वळल्या. "याले रंग दिसत नाही म्हणून हा खाली जाऊन पायते. ज्याहीले दिसते ते खुर्चीतून उठत नाहीत. हा पॅनलवर राहीन अन् स्क्रीन माही राहीन. नाहीतर आजच माहा हिशेब करा."

धानाचा हंगाम तोंडावर होता आणि स्क्रीन सांभाळणारं दुसरं कोणी नव्हतं, हे खरं कारण असेल. साहेबांनी माफी मागितली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी ताई वर होत्या आणि व्हॉल्व्हवर फुल्या होत्या.

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आता साहेबही दुसरे आहेत. ताईंना जाऊन महिना झाला तेव्हा कंपनीने नवा कॉम्प्युटर आणि एक नवा इंजिनिअर पाठवला. चांगला मुलगा. कामाला लागण्यापूर्वी म्हणाला, जुनं काहीबाही घुसवलेलं आहे, सगळं काढून मूळचं टाकतो. त्याने दुसऱ्या टाकीच्या व्हॉल्व्हवर क्लिक केलं आणि प्रॉपर्टीची यादी उघडली. रंग, कड, दिसणं, लुकलुकणं... अगदी शेवटी वर्णन लिहायची एक ओळ असते. ती सहसा रिकामी असते. मीही ती कधी पाहिली नव्हती. तिथे मराठीत लिहिलेलं होतं: 'याला हात लावण्याआधी ऑपरेटरला विचारा.'

त्याने पुढचा व्हॉल्व्ह उघडला. तिथेही तेच. पंपावर तेच, टाकीवर तेच. प्रत्येक आकारामागे ताईंनी ती ओळ एकेक करून लिहून ठेवली होती.

त्या मुलाने खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि विचारलं, "काका, काढू का?"

खोलीत चौघे होते, नवे साहेबही. मला लाल-हिरवं दिसत नाही, हे मी त्या सगळ्यांसमोर पहिल्यांदाच, आवाज न उतरवता सांगितलं. आणि म्हणालो, नाही.