हेडमास्तर परीक्षेला बसतात

आमच्या हेडमास्तरांनी यमदूताचीसुद्धा आधी तोंडी परीक्षा घेतली असती आणि नापास झाला तर रिकाम्या हाताने परत लावून दिला असता. किन्हवलीकडच्या एका शाळेत मी त्यांच्या हाताखाली मास्तर होतो. त्या वर्षांत मी जेवढा थकलो तेवढा पुढे म्हातारपणातही थकलो नाही. माणूस दिसला की तपासायचा, हा त्यांचा स्वभावच. मी कल्याणहून रुजू व्हायला गेलो, तर त्यांनी सर्टिफिकेट पाहिलंच नाही, पुढ्यात बोरू आणि चाकू ठेवून म्हणाले, "तासा." मी बोरू सोडून अंगठा तासला. त्यांनी स्वतः चिंधी बांधली आणि शांतपणे निकाल दिला, "लेखी बरं असेल तुमचं. प्रात्यक्षिक कच्चं आहे."

परीक्षांचे त्यांच्याकडे नाना प्रकार. धडा शिकवण्याआधी एक व्हायची. तीत झाडून सगळ्या वर्गाला शून्य मिळालं की त्यांचा चेहरा उजळे. "रान साफ आहे मास्तर, आता पेरा." धडा निम्मा झाला की दुसरी, तिला मार्क नसत. "भात शिजताना झाकण काढून बघतो आपण, त्याला काय मार्क देतो?" शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण मात्र त्यांना मुळीच मान्य नव्हती. "इथे एकेक शीत वेगळ्या चुलीवर आहे," म्हणायचे. मग धडा संपल्यावरची, मग सहामाही, मग वार्षिक, आणि या सगळ्यांत खरी म्हणजे विसरून गेल्यानंतरची. ती कधीही, कुठेही व्हायची. एकदा शहापूरच्या बाजारात कोंबड्या विकायला बसलेला एक जुना विद्यार्थी त्यांच्या तावडीत सापडला.

"दीडकीचा पाढा. सतरा दिडं?"

"गुरुजी, मला नातू झाला आता. आजून परीक्षा संपली नाय का?"

"उत्तर दे."

"साडेपंचवीस," तो कोंबडीचे पाय आवळत म्हणाला. हेडमास्तर दिवसभर खूश होते.

या सगळ्या परीक्षांच्या वह्या तपासायचो मी. कंदिलाची काच पुसून पुसून झिजली, पण गठ्ठा काही झिजेना.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. मास्तर मिळेनात, म्हणून वय उलटूनही हेडमास्तरांना ठेवून घेतलं. त्यांना शाळेशिवाय दुसरं काही नव्हतं. बायको गेलेली, मुरबाडला पुतण्याच्या पडवीत एक खाट, एवढंच. तरीही अट त्यांनी स्वतःच घातली. "मास्तर, दर महिन्याला सातवीचा पेपर काढून मला बसवा. अलीकडे नावं निसटतात डोक्यातून. शंभरात पस्तीसच्या खाली गेलो, की मुरबाड."

आता मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. दर रविवारी साठ पोरांच्या वह्या, त्यात महिन्याकाठी ही एकसष्टावी. अक्षर मोत्यासारखं. मी पानं उलटायचो, अक्षराला पासष्ट द्यायचो आणि आडवा व्हायचो. असे पाच-सहा महिने गेले.

एका रविवारी ते वही घेऊन माझ्या बिऱ्हाडी आले. बराच वेळ उंबऱ्यापाशी उभे राहिले.

"मास्तर, चौथा प्रश्न मी सोडवलाच नव्हता. आठवेना. तुम्ही दहापैकी सात दिलेत."

"अक्षर पाहून," मी म्हणालो. याहून मूर्ख उत्तर शाळेतल्या कुठल्याही पोराने दिलं नसतं.

"मागचे महिनेही असेच?"

मी मान डोलावली. ते रागावलेही नाहीत. वही माझ्यापुढे सरकवून भिंतीशी बसले. "तपासा. मी थांबतो."

मी तपासली. शिवाजीमहाराजांचे किल्ले ठीक होते, पण नद्या भलत्याच समुद्राला मिळत होत्या आणि त्रैराशिक मध्येच थांबलं होतं. बेरीज एकतीस आली. चार मार्क. पोरांना निबंधात चार मार्क मी डोळे झाकून वाढवून देत असे. पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. भिंतीशी बसलेला माणूस माझ्या हाताकडे बघत होता, आणि एवढी वर्षं त्याने माझ्याकडून दुसरं काही मागितलं नव्हतं. मी एकतीस लिहिले.

त्यांनी आकडा पाहिला, बेरीज ताडून घेतली. "बरोबर आहे," म्हणाले. मग वही मिटत, "नापास झालेल्या पोराला आपण काय सांगतो, मास्तर?"

"पुढल्या वर्षी पुन्हा बस, म्हणून सांगतो."

"मग सांगा की."

मी मान वर न करता म्हणालो, "पुढल्या वर्षी पुन्हा बसा."

"बसेन," ते म्हणाले. त्याच आठवड्यात बैलगाडीने मुरबाडला गेले.

पुढच्या वर्षी सातवीचा पेपर काढला तेव्हा कागदाचा तुटवडा होता, तरी मी एक प्रत जास्त लिहिली. मुरबाडकडे जाणारं कुणी भेटलं नाही, असं मी बरेच दिवस सांगत असे. खरं म्हणजे मी कुणाला विचारलंच नाही. तिकडून वही आलीच असती, तर ती मलाच तपासावी लागली असती.