रांगेत नसलेली वापरकर्ती

मसाला कुटायला येणाऱ्या बायकांची रांगेतून सुटका करणारं ॲप मी आणि माझ्या मैत्रिणीने, तन्वीने, बनवलंय. पिशवी ठेवा, घरी जा, नंबर आला की फोन वाजेल. आज दहा जणींनीही ते घेतलं नाही, तर काम बंद करायचं असं ठरलं होतं.

सकाळी नऊपासून मी लालबागच्या एका कांडप दुकानासमोर उभी होते. दुपारपर्यंत ॲप घेतलं शून्य जणींनी.

"घरी जाऊ?" रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या. "आणि माझ्या मिरच्यांत दुसरीच्या मिसळल्या म्हणजे? तू बघशील?"

शेजारची मला म्हणाली, "त्यापेक्षा तूच बस की इथे गप्पा मारत. सकाळपासून बघतेय, हसतेस तरी का गं कधी?"

मी हसले. माझी आईसुद्धा मसाला डोळ्यांसमोरच कुटून घेते. ॲप बनवताना मी हे विचारातच घेतलं नव्हतं.

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. दुकानदार काकांनी तो माझ्याच हातात दिला. "सकाळपासून हेच चाललंय. घे, तूच सांग."

डोंबिवलीहून एक बाई विचारत होत्या, "गर्दी किती आहे हो? आत्ता निघू की उद्या येऊ?"

मी पिशव्या मोजल्या. "पुढे तेवीस जणी आहेत. उद्या सकाळी लवकर या."

"बरं झालं बाई सांगितलंस. हेलपाटाच पडला असता."

आमची वापरकर्ती रांगेत नव्हतीच. ती अजून घरातून निघायची होती. तन्वीला लगेच कळवलं, काम चालू ठेवतोय.

तुमच्यापैकी कोण कोण मसाल्यासाठी लांबून लालबागला येतं? निघण्याआधी तुम्हाला नेमकं काय कळायला हवं असतं?