पॅटर्नच्या पाठीवरचं भोक

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा सांगायच्या निमित्ताने उठून जाणारा माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही पुरता नाही. तरी लिहितोय... कारण यात भूत नाही. तोंड लपवायची वेळ आली ती माझ्यावरच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एमआयडीसीत पंपांचे भाग ओतणाऱ्या एका फाउंड्रीत मी नवाच इंजिनिअर होतो. ओतकामात आधी भागाची लाकडी प्रतिकृती करतात, तिला पॅटर्न म्हणतात. ती वाळूत दाबायची आणि उमटलेल्या खड्ड्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. आमचे पॅटर्न करायचे नाना, साठी उलटलेले. पॅटर्नला भोक राहिलं तर प्रत्येक भागावर तिथे खड्डा येतो. म्हणून नाना छाती काढून सांगायचे, "चाळीस वरीसमा मना एक बी पॅटर्नले भोक नही."

एप्रिलमध्ये शेठने पुण्याहून दोन दिवसांसाठी लेझर स्कॅनर आणला, सोबत ऑपरेटर. वस्तू तयार करून मशीनसमोर उभी करायचं काम माझ्याकडे आलं. नानांनी ताटाएवढा पॅटर्न स्वतः माझ्या हातात दिला.

"सांभाळीसन ठेवजो, भाऊ. भोक तेवढं पाडू नको."

"नाही पाडणार, नाना."

वार्निशवरून लेझर परावर्तित होतो, म्हणून त्यावर पांढरी पावडर फवारली. फवारताना पाठ बोट-बोट न्याहाळली होती — गुळगुळीत. मग पॅटर्न मेणचट क्लेमध्ये कडेवर उभा रोवला. सकाळी पाठीचं स्कॅनिंग झालं. दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला आणि आमच्या जळगावच्या उन्हात क्ले लोण्यासारखी झाली. पॅटर्न कलला.

दुसऱ्या दिवशी पुढची बाजू घ्यायची, तर तो तीनदा कलला. ऑपरेटर सारखा घड्याळ बघत होता. तो चहाला गेला तेव्हा मी ड्रिल उचललं, पाठीत भोक पाडलं आणि पॅटर्न लोखंडी प्लेटवर मागून बोल्टने आवळला. काम झालं. मशीन गाडीत चढल्यावर बोल्ट काढला, भोकात भुसा आणि सरस भरला, वरून वार्निश मारलं. कुणाला कळणार होतं?

नानांनी पाठीवरून तळवा फिरवला आणि मध्येच थांबले.

"हाई भोक कोनी पाडं?"

"मला नाही माहीत, नाना."

एवढं सहज बोललो मी. नाना शेठकडे गेले, शेठने फोनवर ऑपरेटरला झापलं. त्याने स्कॅनची सीडी पाठवली. पहिल्या दिवशी सकाळी घेतलेली पाठ स्क्रीनवर आली... आणि तिच्यावर भोक होतं. त्याच जागी, त्याच मापाचं.

 मी तर ते दुसऱ्या दिवशी पाडलं होतं! गुपचूप ऑपरेटरला फोन केला. "पाठ परत घेतली होती का?"

"कशी घेणार? दुसऱ्या दिवशी ती प्लेटला टेकलेली होती. लेझर पोहोचतो का तिथे?"

शेठ मात्र हसले. "नाना, भोक आधीचंच, तुमचंच. वय झालं आता."

सुट्टी झाल्यावर नाना माझ्या टेबलाशी आले. नजर खाली.

"माफ कर, भाऊ. मना मनमा तुन्हं नाव उनं व्हतं. मीच पाडेल व्हई... माले याद नही."

माझ्यावर संशय घेतला म्हणून ते माफी मागत होते. तेव्हा तरी खरं बोलायचं. पण मी काय म्हणालो? "होतं असं, नाना. वयोमानाने."

दुसऱ्या दिवसापासून नाना आले नाहीत. माझ्या हातांचा आता भरवसा नाही, असा निरोप त्यांनी पाठवला.

ते भोक आदल्या दिवशीच्या स्कॅनमध्ये कसं आलं, हे मला आजही कळलेलं नाही. कित्येक जाणकारांना विचारलं, प्रत्येक वेळी भोक कुणी पाडलं ते गाळून. नाना नंतर सहा वर्षं नशिराबादला होते, हायवेलगतच. भुसावळला जाताना माझी बस तिथे थांबायची. मी एकदाही उतरलो नाही.