इनासचं कुलूप

इकडे ये गं रोशेल, जवळ बस. तो फोन ठेव जरा खाली. आता म्हणशील, आत्या, घरातलं बोलणं पेपरात कशाला? मग काय करू? तू फोन उचलत नाहीस, उचललास तर ‘आत्या, लेटर’ म्हणतेस. मी सातवी शिकलेली बाई, जसं बोलते तसं लिहिते. तुला मराठी वाचायचा कंटाळा, पण कुणीतरी वाचून दाखवीलच.

तुझा बाप, माझा धाकटा भाऊ इनास, गेला त्याच्या आधीच्या शुक्रवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तुम्ही दोघं इथे कतारात, बिन महमूदला आमच्या घरी जेवायला आला होतात. वसईहून आणलेले सुके बोंबील केले होते. जेवणाआधी इनास म्हणाला, “बाय, थंडीच्या आधी तुझा गिझर बघून ठेवतो.” तेव्हा इथे उन्हाळाच होता, टाकीतलंच पाणी कढत, गिझर कुणाला आठवतो? झाकण उघडलं तर आतली वायर जळून काळी पडलेली. त्यानं बोर्डातला खटका पाडला, खिशातून लाल कुलूप काढलं आणि खटक्याला लावलं. माझा जोएल हसला, “मामा, घरच्या गिझरला कुलूप? चोर येणारेत का आंघोळीला?” इनास म्हणाला, “पुढच्या शुक्रवारी वायर आणतो आणि मीच काढतो. तोवर फादर आले तरी उघडायचं नाही.” मी म्हटलं, दुसरी किल्ली तरी ठेव घरात. तर म्हणतो, “दुसरी किल्ली नसते, बाय. दुसरी किल्ली असली की दुसरा माणूस येतो.”

ही सवय त्याच्या कॉलेजातली. सरकारी टेक्निकल कॉलेज. तिथल्या वर्कशॉपात तो कतारी पोरांना आणि आपल्यासारख्यांच्या मुलांना शिकवायचा. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात एक कुलूप, एक किल्ली. मशीनमध्ये हात घालायचा तर आधी वीज बंद, त्यावर आपलं कुलूप, किल्ली आपल्या खिशात. चौघं काम करत असतील तर चार कुलपं. मी एकदा विचारलं, एवढ्या युनिव्हर्सिट्या, एवढ्या कंपन्या, मग तुमचं कॉलेज हवंच कशाला? म्हणाला, “युनिव्हर्सिटी मशीन कसं चालतं ते शिकवते, बाय. कंपनीला ते सतत चालू हवं असतं. ते बंद करून हात घालायचा कसा, हे कुणीतरी शिकवायला नको?” पण शेवटी शेवटी धास्तावला होता. कंपन्या म्हणत, कोर्स छोटा करा, पोरं लवकर पाठवा, बाकीचं आम्ही बघतो. वरून सांगत, लेक्चरं वाढवा, डिग्रीसारखं दिसू दे. दोन्हीकडून वर्कशॉपचेच तास कापले जात होते. “काहीतरी होणार आहे बाय, आणि ते होईपर्यंत कुणाला दिसणार नाही,” असं म्हणायचा.

तुझ्या इंजिनिअरिंगचा त्याला केवढा अभिमान! तुला अल खोरला मिळालेल्या कंपनी क्वार्टरचा फोटो त्यानं साऱ्या वसईला पाठवला होता. त्या दिवशी जेवताना, दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात त्यावरून बोलणं निघालं, तर तू सहज म्हणालीस, “डॅडी, शटडाउनमध्ये एवढा टाइम कुठे असतो? सुपरवायझर एकच कुलूप लावतो, सगळ्यांसाठी.” त्याचा घास हातातच राहिला.

“आणि तुझं?”

“बॅगेत आहे ना. डोन्ट वरी.”

“बॅगेतलं कुलूप बॅग राखतं, रोशेल.”

त्यानं ताट बाजूला सारलं. बोंबील तसेच ताटात…

शुक्रवार यायच्या आत कॉलेजमधून फोन आला. शिकवता शिकवता खाली बसला, तो उठलाच नाही. हृदय. त्याच्या खिशातल्या किल्ल्या तुझ्या हातात दिल्या, त्यातच या लाल कुलपाचीही.

आता हवा पालटली, सकाळी पाणी गार लागतं. तो गेल्याच्या महिन्याच्या मिस्सेला तू म्हणालीस, “किल्ली कोण शोधत बसणार? कटरनं तोडून टाका आत्या, खलास.” जोएलनं माणूस आणलाही होता. त्याला मी चहा पाजून परत पाठवला. जोएल चिडला. चिडू दे. दुसऱ्याचं कुलूप तोडायची सवय एकदा हाताला लागली की…

पण मला झोप लागत नाही ती गिझरसाठी नाही. परवा तुला फोन केला तेव्हा मागे केवढा तरी आवाज होता, भोंगा वाजत होता, कुणीतरी “यल्ला, यल्ला!” ओरडत घाई करत होतं. तू म्हणालीस, परत शटडाउन सुरू आहे, नंतर बोलते. मी विचारलं, “तुझं कुलूप लावलंस?”

फोन कटला. संध्याकाळी ‘आय ॲम ओके’ एवढाच मेसेज. मी जे विचारलं त्याचं हे उत्तर नव्हे, बाळा.

मी दिवसातून कितीदा तरी त्या बोर्डापाशी जाऊन उभी राहते. लाल कुलूप आहे तिथेच आहे, इनास बाहेर वायर आणायला गेल्यासारखं. ये गं. या शुक्रवारीच ये, बोंबील करते. त्याची किल्ली आण, आणि तुझ्या बॅगेतलं कुलूपही आण. आधी खटक्याला तुझं लाव, मग त्याचं काढ आणि वायर बदल. मला डोळ्यांनी बघू दे. लवकर ये.